डोंगर काय काय अडवतो: वेस्ट व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टस काउंटीची गोष्ट

अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलेशियन नावाची म्हातारी पर्वतरांग आहे आणि तिच्यात, वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, पोकाहॉन्टस नावाची एक काउंटी. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा, पण जिल्हा म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे जे येतं त्यातलं इथे फारसं काही नाही. क्षेत्रफळ २,४४० चौरस किमीच्या आसपास आणि २०२० च्या जनगणनेत माणसं किती, तर ७,८६९. आपला जुन्नर तालुका ह्याच्यापेक्षा बराच लहान आहे आणि तिथे २०११ लाच चार लाखांच्या घरात लोक होते. (जुन्नरचं नाव उगाच नाही घेतलं, पुढे येतंय ते.)

इतकी कमी माणसं का, ह्याचं उत्तर डोंगर. आणि ह्या काउंटीत काहीही विचारा, उत्तर फिरून फिरून तिथेच येतं.

आधी पाणी बघू. इथले लोक आपल्या काउंटीला 'नद्यांचं जन्मस्थान' म्हणतात आणि ते नुसतं टुरिझमवाल्यांचं घोषवाक्य नाही, खरंच आठ नद्या इथे उगम पावतात: ग्रीनब्रायर, गॉली, एल्क, चेरी, क्रॅनबेरी, विल्यम्स, टायगार्ट व्हॅली आणि चीट नदीचा शेव्हर्स फोर्क हा फाटा. महाबळेश्वरच्या पाच नद्या ऐकून मोठे झालेल्या आपल्याला ह्यात नवल वाटायला नको, पण पुढची गंमत वेगळी आहे. आपल्याकडे कृष्णा पूर्वेला गेली आणि सावित्री पश्चिमेला गेली की विषय संपला, दोघींची परत भेट नाही. इथे ग्रीनब्रायर दक्षिणेला जाते, न्यू नदीला मिळते, तिची पुढे कनॉवा होते. शेव्हर्स फोर्क मात्र उत्तरेला निघतो, चीट, मग मोनोंगहेला असं करत थेट पिट्सबर्ग गाठतो, तिथून त्या पाण्याचं नाव ओहायो. आणि ही ओहायो शेकडो किमीचा वळसा घालून खाली येते तेव्हा पॉइंट प्लेझंट गावापाशी कनॉवा तिला येऊन मिळते. म्हणजे एकाच काउंटीत पडलेला पाऊस दोन उलट्या दिशांना जाऊन परत एका पात्रात. शेवटी सगळंच मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात.

एवढं पाणी येतं कुठून, तर पश्चिमेकडून. वारे बाष्प घेऊन येतात, ॲलेगेनी डोंगरांना आपटून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारांवर आणि माथ्यांवर पाऊस नि बर्फ टाकून मोकळे होतात, पलीकडच्या पूर्वेच्या खोऱ्यांना उरलंसुरलं. सह्याद्रीचा पर्जन्यछायेचा धडा शाळेत पाठ केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चीट माउंटनवरचं थॉर्नी फ्लॅट ४,८४८ फूट, बॅक ॲलेगेनीवरचा बाल्ड नॉब ४,८४२ फूट. कळसूबाईपेक्षा दोन्ही ठेंगणे, पण अक्षांश वरचा असल्यामुळे तिथे इतका बर्फ पडतो की १९७४ पासून स्नोशू नावाचं स्कीइंगचं मोठं रिसॉर्ट चालू आहे, आणि आज काउंटीतल्या रोजगाराचा तो एक मोठा आधार.

खडकांचं सांगायचं तर आपल्या सह्याद्रीसारखा लाव्हा इथे नाही. हे सगळे उथळ समुद्रात आणि नद्यांच्या गाळात तयार झालेले थर, आणि साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि उत्तर अमेरिका एकमेकांवर आदळले तेव्हा ते वर उचलले गेले. पूर्वेकडे थरांच्या घड्या पडल्या, म्हणून तिथे लांबच लांब समांतर रांगा आणि मधे खोरी, आणि पश्चिमेकडे थर बऱ्यापैकी आडवेच राहिले आणि नद्यांनी त्यांना चिरत नेलं. काउंटी नेमकी ह्या दोन प्रकारांच्या शिवेवर बसलीय. मधे चुनखडकाचा पट्टा आहे, त्यात पाणी जमिनीवरून वाहता वाहता मधेच गडप होतं आणि भलतीकडे गुहेतून बाहेर पडतं. दक्षिणेला ड्रूप माउंटनखालची फ्रायर्स होल ही गुहांची मालिका ७० किमीहून लांब मोजली गेलीय. हिल्सबरोजवळ ह्याच चुनखडकावर थोडी सपाट, सुपीक जमीन मिळते, तिला तिथे लिटल लेव्हल्स म्हणतात, आणि साहजिकच शेती करणारे लोक आधी तिथे जमले.

माणसांचा इतिहास थोडक्यात. मूळनिवासी लोक ह्या भागातून शिकारीला, लढायला जायचे, त्यांची सेनेका पायवाट इथूनच जायची आणि आजचा २१९ नंबरचा हायवे बराचसा त्याच वाटेवरून जातो. डोंगरात रस्ता काढायचा तर शहाणी वाट एकच असते, ती ज्यांनी आधी शोधली त्यांच्याच मागे जावं लागतं. १७४९ मध्ये जेकब मार्लिन आणि स्टीफन सेवेल हे दोन गोरे इथे झोपडी बांधून राहिले. १७५१ ला अँड्र्यू लुईस नावाचा सर्व्हेयर तिथे पोचला तर मार्लिन झोपडीत आणि सेवेल जवळच्या एका सिकॅमोर झाडाच्या पोकळ बुंध्यात राहत होता, धर्मावरून भांडण झालं होतं म्हणे! आख्ख्या खोऱ्यात माणसं दोन आणि त्यांच्यातही तट. त्या जागेवर आज मार्लिंटन, काउंटीचं मुख्य गाव.

काउंटी म्हणून नोंद १८२१ ची, तेव्हा हा सगळा भाग व्हर्जिनियात होता. पोकाहॉन्टस ही समुद्राकाठच्या व्हर्जिनियातल्या पॉवहॅटन सरदाराची मुलगी, ह्या डोंगरांशी तिचा काही संबंध नाही, नाव नुसतं मानाने दिलेलं. मग उत्तर आणि दक्षिणेतलं अमेरिकन यादवी युद्ध. २० जून १८६३ ला पश्चिमेकडच्या काउंट्या फुटून वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य झालं आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला ड्रूप माउंटनच्या माथ्यावर लढाई झाली, एव्हरेलच्या युनियन (उत्तरेच्या) फौजेने एकोल्सच्या कॉन्फेडरेट (दक्षिणेच्या) फौजेला हुसकावलं. ती जागा १९२८ मध्ये राज्यातलं पहिलं स्टेट पार्क झाली. असो, लढायांवर भरपूर लिहिलं जातं, मला जास्त रस आहे तो झाडांत.

ह्या उंच माथ्यांवर रेड स्प्रूस ह्या सूचिपर्णी झाडाचं घनदाट जंगल होतं. सदाहरित, अंधारं, जमिनीवर कुजलेल्या पानांचा जाड थर. शंभर वर्षं ते कुणी तोडलं नाही कारण तोडून न्यायचं कसं? १९०० च्या सुमाराला ग्रीनब्रायरच्या काठाने रेल्वे आली आणि हिशोब बदलला. १९०१ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीने कॅस नावाचं गावच वसवलं, कागदाच्या गिरणीला स्प्रूस पुरवायला. पण मुख्य रेल्वे खोऱ्यात आणि झाडं डोंगरावर. ह्याचं उत्तर होतं शे इंजिन.

साध्या वाफेच्या इंजिनात दट्ट्या मोठ्या चाकांना थेट फिरवतो, वेग चांगला मिळतो पण चढावर चाकं घसरतात. एफ्राइम शे नावाच्या मिशिगनच्या लाकूडवाल्याने वेगळा विचार केला (पेटंट १८८१ चं): सिलिंडर उभे करून एका बाजूला लावले, त्यांनी एक लांब शाफ्ट फिरवायचा आणि शाफ्टवरच्या गिअरनी प्रत्येक चाकाला जोर द्यायचा. वेग कासवाचा, पण इंजिनाचं सगळं वजन पकडीच्या कामाला येतं आणि जोर धक्क्याधक्क्याने न येता सलग येतो म्हणून चाक घसरत नाही. भोर घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, आणि त्यालाच बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. कॅसची शे इंजिनं ११ टक्क्यांपर्यंत चढायची. मधे जिथे वळायलाच जागा नाही तिथे गाडी पुढे नेऊन उलटी ढकलत वरच्या रुळावर न्यायची, जसं आपल्याकडे खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनवर १९२९ पर्यंत चालायचं. कॅसची मिल १९६० ला बंद पडली, पण १९६३ पासून तीच इंजिनं पर्यटकांना डोंगरावर घेऊन जातायत, रेल्वेवेड्या मंडळींनी यूट्यूबवर जरूर बघावं, नुसता तो आवाज ऐकला तरी गिअर कळतात.

जंगलाचं मात्र वाटोळं झालं. तोड झाल्यावर खाली राहिलेल्या वाळक्या फांद्यांनी पेट घेतला, आणि ते जे कुजक्या पानांचं जाड अस्तर होतं ना, उन्हात सुकल्यावर तेही जळलं, कितीतरी ठिकाणी खालचा खडक उघडा पडला. माती नाही म्हणजे पाणी धरायला काही नाही. १९०७ मध्ये मोनोंगहेलाला प्रचंड पूर आला, पिट्सबर्गपर्यंत नुकसान झालं, आणि उगमाकडची जंगलं तोडल्याचा हा परिणाम आहे असा ओरडा झाला. १९११ च्या वीक्स कायद्याने सरकारला अशा जमिनी विकत घ्यायची मुभा मिळाली आणि १९२० मध्ये मोनोंगहेला नॅशनल फॉरेस्ट झालं. काउंटीची अर्ध्याहून जास्त जमीन आज सरकारी जंगल आणि पार्कं आहे, आणि १९२० ला जिथे १५ हजारांच्या आसपास लोक होते तिथे आता त्याच्या निम्मे.

ह्या सगळ्यातून एक तुकडा वाचला आणि तो कसा वाचला हे भारी आहे. रँडॉल्फ आणि पोकाहॉन्टसच्या हद्दीवर गॉडिनीअर नावाची १४० एकरांची जागा आहे, तिथे कधीच न तोडलेले स्प्रूस अजून उभे आहेत. जमिनीचा एक प्रचंड तुकडा विकायच्या आधी मोजणी झाली, मोजणी करणाऱ्यांनी होकायंत्र लावलं, पण सुई खऱ्या उत्तरेकडे नाही तर चुंबकीय उत्तरेकडे बघते, आणि त्या भागात दोन्हींत चारेक अंशांचा फरक होता, तो हिशोबात धरायचा राहिला. चार अंश म्हणजे किरकोळ वाटतं, पण एका किमीवर रेघ ७० मीटर सरकते आणि दहा किमीवर ७०० मीटर. एका जाणकार सर्व्हेयरच्या हे लक्षात आलं आणि तो पठ्ठ्या गप्प बसला, कारण तिथल्या कायद्याप्रमाणे खरी हद्द आणि चुकीची हद्द ह्यांच्यामधली पाचर दाखवून देणाऱ्याला मिळायची. त्याने ती मिळवली, पाचर वेगळ्या मालकीची राहिली, आणि आजूबाजूचं सगळं साफ होत असताना तिचा काही भाग वाचला. पर्यावरणप्रेम वगैरे काही नाही, निव्वळ जमिनीची लबाडी.

आता रेडिओ. १९५० च्या दशकात अमेरिकेला रेडिओ खगोलशास्त्राची राष्ट्रीय वेधशाळा हवी होती आणि जागेच्या अटी साध्या होत्या: माणसं कमी, कारखाने नकोत, आणि चारी बाजूंनी डोंगर. आकाशातून येणारे रेडिओ सिग्नल इतके क्षीण असतात की शेजारच्या टीव्ही स्टेशनचा कचरासुद्धा त्यांना गिळून टाकतो. लांब लहरी डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकून पलीकडे उतरतात, पण लहर जितकी आखूड तितकं हे वाकणं कमी, आणि अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी लहर आहे २१ सेंटिमीटरची, त्या पट्ट्यातल्या गोंगाटाला उंच रांग म्हणजे जवळपास भिंतच. ग्रीन बँकचं खोरं ह्या सगळ्यात बसलं. १९५६ मध्ये राज्याने वेधशाळेच्या दहा मैल परिसरासाठी कायदा केला, आणि १९५८ मध्ये त्याच्याभोवती साधारण ३४,००० चौरस किमीचा नॅशनल रेडिओ क्वाएट झोन आखला गेला, त्यात कुठलाही कायमचा ट्रान्समीटर लावायचा तर आधी वेधशाळेशी बोलावं लागतं.

एप्रिल १९६० मध्ये फ्रँक ड्रेक ह्यांनी इथल्या ८५ फुटी डिशने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी ह्या ताऱ्यांकडून कुणी हाक मारतंय का ते ऐकलं. कुणी मारत नव्हतं. पुढच्याच वर्षी इथल्या छोट्या बैठकीसाठी त्यांनी जी मांडणी केली ती म्हणजे प्रसिद्ध ड्रेक समीकरण, आपल्याशी बोलू शकतील अशा परक्या संस्कृती किती असतील ह्याचा अंदाज बांधणारं. मग ३०० फुटी दुर्बीण आली, ती १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री एक जोडपट्टी तुटून अख्खीच्या अख्खी कोसळली, सुदैवाने कुणाला लागलं नाही. तिच्या जागी २००० मध्ये १०० बाय ११० मीटरची ग्रीन बँक दुर्बीण उभी राहिली, पूर्ण वळवता येणारी जगातली सर्वात मोठी. तिच्या पृष्ठभागात २,००४ पत्रे आहेत आणि डिश कलली की स्वतःच्या वजनाने येणारा बाक मोटरी सरळ करतात. जवळ फक्त डिझेल गाड्या जातात, कारण पेट्रोल इंजिनाचा स्पार्क प्लग हाही एक रेडिओ ट्रान्समीटरच.

आता जुन्नर. तालुक्यात खोडदला डॉ. गोविंद स्वरूप ह्यांनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली, ४५ मीटरच्या ३० डिश, आणि तिथेही जागा निवडताना डोंगरांचा आडोसा हा एक मोठा मुद्दा होता. जून २०२३ मध्ये पल्सारच्या (ठरावीक ठेक्यात रेडिओ सिग्नल पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) ठोक्यांवरून संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा जाहीर झाला, त्यात अमेरिकन गटाच्या मोजमापांत ग्रीन बँक होती आणि युरोपियन गटाबरोबरच्या भारतीय गटाच्या मोजमापांत आपली जीएमआरटी.

ह्या शांततेवर येणारे 'मोबाईल नसलेलं स्वर्गीय गाव' छापाचे लेख मला कंटाळवाणे वाटतात. शाळेत वर्षानुवर्षं वायफाय नव्हतं, आगीच्या बंबाला आणि ॲम्ब्युलन्सला रेडिओच्या मर्यादा, हे रोज भोगणाऱ्याला त्यात स्वर्ग दिसत नाही. आणि सगळा दोष दुर्बिणीचा असंही नाही, आठ हजारांच्या आत माणसं आणि प्रत्येक खोऱ्याआड एक डोंगर, तर कुठली कंपनी हौसेने टॉवर लावेल?

शिवाय डोंगर फक्त बाजूने येणारं अडवतो. स्टारलिंकसारखे इंटरनेट पुरवणारे हजारो उपग्रह डोक्यावरून जातात, त्यांना कुठली रांग आडवी जाणार? म्हणून वेधशाळेच्या लोकांनी स्टारलिंकवाल्या स्पेसएक्स कंपनीबरोबर बसून अशी व्यवस्था लावली की दुर्बीण कुठे बघतेय ही माहिती सतत त्यांच्याकडे जाते आणि उपग्रह त्या नजरेच्या रेषेजवळून जाताना आपला बीम (सिग्नलचा झोत) दुसरीकडे वळवतो किंवा बंद ठेवतो. अशाने काउंटीतल्या घरांना इंटरनेट मिळायची वाट मोकळी होतेय, फक्त ह्या खेपेला आडोसा डोंगराचा नाही, कंपनीच्या सॉफ्टवेअरचा.