खोगीर ते कार्बन रेल: माउंटन बाइकच्या सीटमागचा इतिहास

माउंटन बाइकसाठी नवी सीट घ्यायला गेलेला माणूस आधी अंगठ्याने गादी दाबून बघतो. मऊ लागली की आरामदायी, हातात हलकी लागली की उत्तम. पण ही सीट घडत गेली ती गादी कमी करत, आणि शरीराचा भार नेमका कुठे टेकायला हवा हे शोधत. तो शोध लागायला शंभराहून अधिक वर्षे गेली.

सुरुवात घोड्याच्या सामानापासून होते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १८६६ साली जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी घोड्याचा साज आणि इतर चामडी वस्तू बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. सायकलच्या सीटचे पेटंट त्यांनी १८८२ मध्ये घेतले. पोलादी चौकटीच्या दोन टोकांमध्ये जाड कातडे, बाजेची नवार ताणावी तसे ताणायचे आणि रिव्हेटांनी ठोकायचे, अशी ही रचना. आत भरण काहीच नाही. काही शे किलोमीटर चालवल्यावर कातड्यावर बसणाऱ्याच्या हाडांचे दोन खळगे उमटतात आणि सीट त्या माणसाची होऊन जाते. ढिली पडली तर नाकाखालचा, म्हणजे सीटच्या अरुंद पुढच्या टोकाखालचा, बोल्ट थोडा पिळायचा. वजन मात्र अर्धा किलोच्या आसपास. मागे स्प्रिंगा असलेली सीट त्याहून जड. आपल्याकडच्या जुन्या सायकलींवर हीच जात होती, आणि पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची रीत याच कारणाने पडली. ओल्या कातड्यावर बसले की ते ताणले जाते, मधोमध खचते, कडा बाहेर फाकून मांड्यांना घासू लागतात. एकदा तसे झाले की बोल्ट कितीही पिळा, मूळ आकार परत येत नाही.

माउंटन बाइकचा जन्मही याच सीटवर झाला. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत जुन्या, जाड टायरांच्या श्विन कंपनीच्या सायकली डोंगरावरून खाली सोडण्याचा नाद तिथल्या तरुणांना लागला होता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे ‘रीपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. साधारण साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार. मागच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागातल्या, ब्रेकचे ग्रीस एवढे तापायचे की जळून जायचे आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. तिथलेच सायकल बांधणारे जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये डोंगरासाठीच बांधलेल्या पहिल्या सायकलीवर ब्रुक्सची बी-७२ ही कातडी सीट होती.

अशा उतारावर एक नवीनच गरज पुढे आली. रस्त्यावरच्या सायकलीत स्वार सीटवर बसून राहतो. डोंगरात तो उतारावर सीटच्या मागे जातो, खडकांवर उभा राहतो, तीव्र चढावर नाकाच्या टोकाशी सरकतो. सीट त्याच्या वाटेत येता कामा नये. रुंद, फाकलेल्या कडांची सीट पँटला अडकते आणि मागून पुढे येताना स्वाराला धरून ठेवते. डोंगरातल्या सीटला गोलाई आलेल्या कडा, खाली झुकलेले नाक आणि घासून फाटू नयेत म्हणून कोपऱ्यांवर मजबूत कापड मिळाले ते या हालचालींमुळे.

वजन उतरले ते इटलीमुळे. चिनेली कंपनीने १९६० च्या दशकात ‘युनिकॅनिटर’ ही प्लास्टिकच्या कवचाची सीट आणली. कातडे ताणण्याची गरजच संपली. वर पातळ फोम आणि आवरण, खाली दोन रेल (सीट ज्यांवर धरली जाते त्या दांड्या), ही आजच्या सीटची मांडणी तिथूनच आली. पावसाने तिचे काही बिघडत नाही, आणि डोंगरात ही गोष्ट मोलाची. १९९० मध्ये सेले इटालिया कंपनीची ‘फ्लाइट’ आली. लवचिक कवच, बेताचा फोम आणि टायटॅनियमचे रेल, मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास. क्रॉसकंट्री शर्यतीत उतरणाऱ्यांनी ती उचलून धरली. याच काळापर्यंत गादीची जागाही बदलली होती. सीटवरचा फोम पातळ होत गेला आणि ते काम शॉर्ट्समधल्या पॅडकडे गेले. पॅड अंगाबरोबर हलतो, त्यामुळे घर्षण कमी होते. हा बदल मोठा होता, पण त्याची दखल फारशी घेतली जात नाही.

अरुंद सीटची किंमत काय, हे १९९७ च्या सुमारास चर्चेत आले. बोस्टन विद्यापीठातील मूत्ररोगतज्ज्ञ अर्विन गोल्डस्टीन यांनी सायकलची सीट आणि पुरुषांमधील लैंगिक दुर्बलता यांचा संबंध जाहीरपणे मांडला. दोन पायांमधील मऊ भागातून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात, हा त्यांचा मुद्दा होता. स्त्रियांच्या तक्रारी त्याआधीच्या. अमेरिकेत जॉर्जेना टेरी यांनी १९८५ मध्ये खास स्त्रियांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली, आणि या कंपनीच्या, मधोमध छिद्र असलेल्या सीट पुढे खूप चालल्या. मधोमध खाच किंवा पोकळी ठेवण्याची पद्धत त्यानंतर सगळीकडे पसरली.

सगळ्यात बोलका पुरावा २००२ साली जर्मनीतून आला. कोलोन येथील संशोधकांनी पुरुष स्वारांच्या शिश्नाच्या त्वचेतील ऑक्सिजनचा दाब वेगवेगळ्या सीटवर मोजला. जाड गादीच्या अरुंद सीटवर तो सुमारे ८२ टक्क्यांनी घसरला. कठीण कातड्याच्या रुंद सीटवर घसरण सुमारे ६४ टक्के होती, आणि नाक नसलेल्या रुंद सीटवर फक्त २० टक्के. सर्वात मऊ सीट सर्वात वाईट ठरली! कारण साधे आहे. जाड फोममध्ये बैठकीची हाडे बुडतात, मधला भाग वर उचलला जातो आणि जिथे भार नको तिथेच दाब येतो. मराठीत ज्याला खोगीरभरती म्हणतात, ती इथे शब्दशः खरी आहे. जुन्या सीटवर चढवलेल्या जेलच्या कव्हरनेही नेमके हेच होते.

म्हणून निवड रुंदीपासून सुरू होते. बैठकीच्या दोन हाडांमधील अंतर बहुतेकांचे १०० ते १४० मिलिमीटर असते, आणि ते उंचीवरून किंवा कंबरेच्या घेरावरून ओळखता येत नाही. कठीण स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, टाचा थोड्या उचलून पुढे वाका आणि अर्धा मिनिट थांबा. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. शर्यतीसाठी खूप वाकून बसणाऱ्याला कमी, ताठ बसणाऱ्याला जास्त. एक माप मोठी सीट घेतली तर वजन पाच-दहा ग्रॅमच वाढते, म्हणून ग्रॅम वाचवण्यासाठी लहान आकार घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

सीटचा आकार पुन्हा बदलला तो खाली-वर होणाऱ्या सीटपोस्टमुळे, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या दांड्यामुळे. ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी १९८४ मध्ये ‘हाइट-राइट’ ही स्प्रिंग आणली. क्विक रिलीज, म्हणजे हाताने उघडणारी पकड, सैल करून वजनाने सीट दाबायची, सोडली की ती वर येते. हँडलवरच्या लिव्हरने चालणारे ड्रॉपर पोस्ट २००० नंतर आले आणि २०१० च्या रॉकशॉक्स रिव्हर्बनंतर सर्रास बसू लागले. उतारावर सीट पंधरा-वीस सेंटिमीटर खाली गेली की तिच्या मागे लटकावे लागत नाही. त्यामुळे पूर्वी २७०-२८० मिलिमीटर लांब असणारी सीट आखूड होऊ शकली आणि मागचा भाग रुंद ठेवणेही सोयीचे झाले. लहान फ्रेमच्या फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणाऱ्या) सायकलीत एक गोष्ट मात्र तपासावी. शॉकमधली हवा काढून, सीट पूर्ण खाली करून सस्पेन्शन दाबा. मागचा टायर सीटला किंवा रेलला लागत असेल तर सीट पुढे सरकवावी लागेल किंवा पोस्ट कमी खाली जाईल अशी सोय करावी लागेल.

नव्या ट्रेल बाइकमध्ये, म्हणजे डोंगरवाटांवर चढ-उतार दोन्ही करणाऱ्या सायकलीत, सीट ट्यूबचा (सीटपोस्ट जिच्यात बसतो त्या नळीचा) कोन ७६ ते ७८ अंशांपर्यंत उभा झाला आहे. स्वार ताठ बसतो, हाडांवर भार वाढतो. जुन्या सायकलीवर बरी वाटणारी सीट नव्या सायकलीवर टोचते ती बहुधा यामुळे. १५ टक्के चढावर सायकल साडेआठ अंशांनी मागे कलते, त्यात मागचे सस्पेन्शन दबते ते वेगळे. म्हणून सपाट जागी नाक दोन-तीन अंश खाली ठेवणे योग्य. त्याहून जास्त झुकवले तर माणूस पुढे घसरतो, भार हातांवर जातो आणि तळवे बधिर होतात.

आता राहिले ग्रॅम. पोलादी रेलची सीट साधारण २५० ते ३३० ग्रॅमची, टायटॅनियमची त्याहून चाळीस-साठ ग्रॅमने हलकी. कवच आणि रेल दोन्ही कार्बनचे असतील तर दीडशे ते दोनशे. चौदा किलोच्या ट्रेल बाइकसाठी टायटॅनियम किंवा पोकळ पोलादी रेल हा शहाणा मध्य आहे. धातूचा रेल पडल्यावर वाकतो आणि तसाच घरी आणतो, कार्बनचा तुटतो. शिवाय कार्बनचा रेल लंबगोल असतो, बहुधा ७ बाय ९ मिलिमीटरचा, तर धातूचा ७ मिलिमीटर गोल. गोल रेलसाठी बनलेल्या आणि बाजूने आवळणाऱ्या क्लॅम्पमध्ये (सीटपोस्टवरच्या पकडीत) लंबगोल रेल धरला तर दाब दोन रेषांवर येतो आणि तिथेच चीर पडते. क्लॅम्पचे योग्य तुकडे आधी मागवावेत आणि त्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरइतकेच टॉर्क पान्याने (किती जोर लावला हे दाखवणाऱ्या पान्याने) आवळावे. रेलवर खुणा असतात, क्लॅम्प त्यांच्या बाहेर जाऊ देऊ नये. हलक्या सीटवर स्वाराच्या वजनाची मर्यादा असू शकते, तीही वाचावी.

सीट बदलताना जुनीची मापे काढायला बरेच जण विसरतात. दोन सीटची जाडी वेगळी असते, त्यामुळे पोस्ट तेवढेच ठेवले तरी उंची सेंटिमीटरभर बदलू शकते, आणि मग गुडघा दुखला की दोष सीटला मिळतो. सीट जिथे ८० मिलिमीटर रुंद होते तिथे दोन्हींवर खूण करा. त्या खुणेची, पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या अक्षापासूनची उंची आणि हँडलपर्यंतचे अंतर जुन्या सीटवर मोजून ठेवा, आणि नवी सीट त्याच मापांवर बसवा.