प्रतिसूक्ष्मजीवी पेप्टाइडांची औषधे
जंतुसंसर्गावरील उपचारांसाठी विकसित केली जाणारी, साधारणतः १० ते ५० अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांची औषधे. वनस्पती, कीटक, बेडूक, माणूस अशा नानाविध सजीवांत ही पेप्टाइडे संरक्षणासाठी मुळातच तयार होतात. संशोधक मायकेल झॅस्लॉफ यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते आफ्रिकी नखी बेडकांमुळे. अंडाशय काढून टाके घातलेले बेडूक टाकीतल्या अस्वच्छ पाण्यात सोडले, तरी त्यांच्या जखमा चिघळत नसत. त्यांच्या त्वचेतून वेगळी केलेली, २३ अमिनो आम्लांची ‘मॅगेनिन’ पेप्टाइडे त्यांनी १९८७ मध्ये जाहीर केली.

यांपैकी बहुतेक पेप्टाइडांवर धनभार असतो. जिवाणूच्या पटलाची (पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची) बाहेरची बाजू ऋणभारित असल्याने पेप्टाइड तिकडे ओढले जाते, पटलात घुसते आणि त्याला भोके पाडते. माणसाच्या पेशींचे पटल बाहेरून जवळपास उदासीन असते, शिवाय त्यात कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे त्या वाचतात, निदान कमी मात्रेत तरी. मात्रा वाढली की तांबड्या पेशीही फुटू लागतात. म्हणून नव्या पेप्टाइडाची रक्तविलयन चाचणी सुरुवातीलाच घेतात.

काचेच्या बशीत जंतू मारणे हा या कामाचा सोपा भाग. शरीरात प्रथिने तोडणारी विकरे पेप्टाइडाचे काही वेळातच तुकडे करतात आणि रक्तातील क्षारांमुळे त्याचा जोर ओसरतो. यावर उपाय म्हणून साखळीची टोके जोडून कडे करतात, मेदाम्लाची शेपटी जोडतात किंवा विकरांना न ओळखता येणारी उलट रचनेची (डी) अमिनो आम्ले वापरतात. तरी खात्री नसतेच. मॅगेनिनवरून बेतलेले पेक्सिगनन हे मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी होते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली.

प्रत्यक्ष वापरात आली ती प्रामुख्याने जिवाणूंनीच बनवलेली कडेदार पेप्टाइडे. २००३ मध्ये मान्यता मिळालेले डॅप्टोमायसिन त्यांतलेच. मात्र फुप्फुसातील पृष्ठसक्रिय द्रव ते निष्प्रभ करतो, म्हणून न्यूमोनियात त्याचा उपयोग नाही. याच गटातले कोलिस्टिन मूत्रपिंडाला घातक, तरी इतर प्रतिजैविके हरली की तेच द्यावे लागते.

पेप्टाइडांना जंतू सरावत नाहीत, हा दावा अतिशयोक्तच. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ या जनुकाची नोंद झाली. ते प्लाझ्मिडवर (जिवाणूतील डीएनएच्या सुट्या कड्यावर) असल्याने एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. ते मिळालेल्या जिवाणूच्या बाह्यपटलावरचा ऋणभार घटतो आणि कोलिस्टिन तिथे नीट चिकटत नाही.