बाळाचा ओठ कोणत्या आठवड्यात जुळतो?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आमच्या शेजारची सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. वेध लागल्यापासून तिला बजावून ठेवलेलं: विळी-सुरीला हात लावायचा नाही, झोपायचं नाही, एका जागी बसून राहायचं. ग्रहण दहाच्या सुमारास लागलं आणि दीडच्या सुमारास सुटलं. तोवर ती पोर भिंतीला पाठ टेकून अवघडून बसलेली. सासूबाईंचं म्हणणं एकच, "ग्रहणात चिरलं की बाळाचा ओठ चिरतो."

ओठ चिरत नाहीच, तो जुळायचा राहतो. गर्भाचा चेहरा एकसंध घडत नाही. दोन्ही बाजूंनी आणि मधून मांसल उंचवटे वाढत येतात आणि नाकाखाली एकमेकांना मिळतात. ही जुळणी गर्भ राहिल्यापासून सात आठवड्यांच्या आत पुरी होते. सातव्या महिन्यातल्या बाळाचा ओठ केव्हाच जुळलेला असतो, किंवा तेव्हाच जुळायचा राहून गेलेला असतो. पुढे कुणी भाजी चिरल्यानं त्यात काही फरक पडत नाही. तरीही असं बाळ जन्मलं की "तू ग्रहण पाळलं नसशील" हे बोल आईच्या वाट्याला येतात, आणि काही बायका जन्मभर ते खरं मानतात. मला या समजुतीचा खरा राग येतो तो यासाठी.

हे सगळं मी सांगितलं तेव्हा त्या सुनेनं मला विचारलं, "मग काका, जपायचं कधी होतं?"

याचं सगळ्यात नेमकं उत्तर थॅलिडोमाइडनं दिलं, आणि त्याची किंमत भयंकर होती. १९५७ साली पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध ‘कॉन्टरगान’ नावानं बाजारात आलं. अगदी निर्धोक अशी त्याची जाहिरात होती. चिठ्ठीशिवाय मिळायचं, गरोदर बायका मळमळीवर घ्यायच्या. मग खांद्यालाच पंजा चिकटलेली, कानांच्या पाळ्या नसलेली मुलं जन्मू लागली. हॅम्बुर्गचे विडुकिंड लेन्झ आणि सिडनीचे विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी १९६१ मध्ये धोका ओळखला आणि नोव्हेंबरअखेर जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात सुमारे १०,००० मुलांना त्याची झळ पोचली होती. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली होती.

लेन्झ यांनी आयांकडून गोळीच्या तारखा मिळवून मांडल्या तेव्हा एक चौकट दिसली. धोका गर्भधारणेनंतरच्या साधारण २० ते ३६ व्या दिवसांतला. त्यातही आधी घेतली तर कानांवर घाला, नंतर हातांवर, आणखी काही दिवसांनी पायांवर. ज्या दिवशी जो अवयव मांडला जात होता, त्याच्यावर घाव. औषध तेच, आई तीच, फरक फक्त दोन-चार दिवसांचा.

पण गोळी नेमकं करते काय? हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, आणि या शोधानं मला अक्षरशः वेड लावलं आहे. पेशीत निरुपयोगी झालेली प्रथिनं भंगारात काढायची एक व्यवस्था असते. भंगारात जायच्या प्रथिनावर ‘युबिक्विटिन’ नावाची छोटी चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठीवाला माल प्रोटिअसोम नावाच्या यंत्रात जातो आणि त्याचे तुकडे होतात. चिठ्ठी कुणाला लावायची हे हेरणाऱ्यांपैकी एक म्हणजे सेरेब्लॉन हे प्रथिन. २०१० साली जपानमधल्या हिरोशी हांडा यांच्या गटानं दाखवलं की थॅलिडोमाइड चिकटतं ते या सेरेब्लॉनला. त्याच्या अंगावर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या तीन कड्यांनी बनलेली एक खाच आहे. रेणू तिथे जाऊन बसतो आणि सेरेब्लॉनचा बाहेरचा आकार किंचित बदलतो. या बदललेल्या आकाराला पूर्वी कधीच न चिकटणारी प्रथिनं चिकटू लागतात. त्यांतलं एक सॉल४, हे २०१८ मध्ये उघड झालं. हातपाय घडवणारी जनुकं चालू-बंद करण्यात या सॉल४चा हात असतो. म्हणजे विषानं हात जाळला नाही. पेशीच्या स्वतःच्या यंत्रणेनं कामाचा माणूस भंगारात काढला. सॉल४च्या जनुकातच जन्मतः बिघाड असलेल्या माणसांचे हात आणि अंगठे थॅलिडोमाइडच्या मुलांसारखेच दिसतात. आणि उंदीर या औषधातून का सुटतात? त्यांच्या सेरेब्लॉनमध्ये, मोक्याच्या जागी, एक अमिनो आम्ल वेगळं आहे. त्यांचं सॉल४ही थोडं वेगळं आहे.

हीच करामत आज औषध म्हणून वापरतात. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात थॅलिडोमाइडमुळे इकारोस नावाचं प्रथिन भंगारात जातं आणि कर्कपेशी मरतात. आपल्याकडेही ही गोळी मिळते, गरोदरपणाबाबत कडक अटी घालून.

आता आपल्या घरांकडे बघा. पहिले तीन महिने ‘कुणाला सांगू नका’ म्हणून बातमी दडवायची, डोहाळजेवण सातव्यात, आणि जपणूकही तेव्हाच जोरात. अवयव तर पहिल्या दोन-अडीच महिन्यांत मांडून झालेले असतात. त्याच नाजूक दिवसांत कुठे कुठे मुलगा व्हावा म्हणून पुडी दिली जाते. मुलगा की मुलगी हे शुक्राणू आणि बीज मिळतात त्या क्षणीच ठरलेलं असतं. पुडीत काय आहे हे देणारा सांगत नाही. हरियाणात अशा औषधांचा अभ्यास झाला तेव्हा जन्मजात व्यंगांशी त्यांचा संबंध आढळला. झाडपाल्याचं आहे म्हणजे बाधणार नाही, असं समजून ती घेऊ नका.

मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट ही गर्भाला बाधणारी दोन नावं मात्र लक्षात ठेवा. फिट्सची गोळी आपल्या मनानं बंद करणंही तितकंच धोक्याचं, म्हणून दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्यावी.

त्या रात्री मी तिची फाइल मागितली. पहिल्या तपासणीची नोंद नवव्या आठवड्याची. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भाचं वय तेव्हा सात आठवडे. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटते अठ्ठाविसाव्या दिवशी. ती नीट मिटावी म्हणून द्यायची फॉलिक ॲसिडची गोळी फाइलीत लिहिली होती ती त्यानंतर तीन आठवड्यांनी. तिची सोनोग्राफी व्यवस्थित होती, ते तिला दोनदा वाचून दाखवलं. शेजारी तिची धाकटी जाऊ बसली होती, लग्नाला चार महिने झालेली. तिनं विचारलं, "मग ती गोळी मी आत्ताच सुरू करू का?" म्हटलं, हो, रोज ४०० मायक्रोग्रॅम, उद्याच डॉक्टरांना विचारून घे.