हॅप्ली

हॅप्ली : ‘कदाचित’ किंवा ‘योगायोगाने’ या अर्थाचे, प्रचारातून गेलेले इंग्रजी क्रियाविशेषण. आज ते कोणाच्या बोलण्यात येत नाही. गाठ पडते ती जुन्या कवितेत आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये. नवखा वाचक त्याला ‘हॅपिली’ समजून ‘आनंदाने’ असा अर्थ लावतो आणि ओळ भलतीकडेच जाते.

चूक तशी क्षम्य आहे, कारण दोन्ही शब्द एकाच घरचे. ‘हॅप’ म्हणजे योग, नशीब. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. घडणे या अर्थाचा ‘हॅपन’, अपघाताचा ‘मिसहॅप’, दुर्दैवी माणसाचा ‘हॅपलेस’ आणि रोजच्या वापरातला ‘परहॅप्स’ ही सारी त्याचीच भावंडे. ‘हॅपी’चाही आधीचा अर्थ सुदैवी असा होता, सुखी हा नंतरचा. शेक्सपिअरच्या काळी तर ‘हॅपिली’ हेच रूप ‘कदाचित’ या अर्थानेही चाले. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशात होरेशिओ भुताला प्रश्न विचारतो, तिथे ते तसे आले आहे.

बायबलमध्ये हा शब्द सहसा ‘जर’ किंवा ‘नाहीतर’ यांच्या पाठोपाठ येतो. पानांनी भरलेले अंजिराचे झाड लांबून पाहून येशू त्याच्याकडे जातो, ते कदाचित काही मिळेल म्हणून (मार्क ११:१३). प्रेषितांच्या कृत्यांत (५:३९) गमालिएल हा यहुदी धर्मशास्त्री येशूच्या शिष्यांविषयी न्यायसभेला सांगतो, या माणसांच्या वाटेला जाऊ नका; न जाणो, देवाशीच लढल्यासारखे व्हायचे. मराठीतले ‘न जाणो’ इथे ‘कदाचित’पेक्षा जवळचे वाटते, कारण त्यात शक्यतेबरोबर धास्तीही आहे. मूळ ग्रीकमध्ये या दोन ठिकाणी वेगवेगळे शब्द आहेत. एकात आशा आहे, दुसऱ्यात भीती. इंग्रजी भाषांतरकारांनी दोन्हींसाठी ‘हॅप्ली’च योजला.

कवींना तो सोयीचा होता. ‘परहॅप्स’चा आघात दुसऱ्या उच्चारखंडावर, ‘हॅप्ली’चा पहिल्या, त्यामुळे ओळीची सुरुवात ठसक्यात करता येते. शेक्सपिअरच्या २९ व्या सुनीतात (१६०९) स्वतःच्या दैवाला बोल लावणाऱ्या कवीला अवचित प्रिय व्यक्ती आठवते, आणि ती ओळ याच शब्दाने उघडते. वळण असे योगायोगाने यावे, हे त्या कवितेत फार शोभते. टॉमस ग्रेच्या १७५१ च्या विलापिकेत कोणी पिकल्या केसांचा खेडूत कदाचित काय सांगेल, ती ओळही याच शब्दापासून सुरू होते. कीट्सने मात्र १८१९ च्या नाइटिंगेलवरील उद्देशिकेत चंद्रराणीच्या संदर्भात तो ओळीत किंचित आत ठेवला आहे.

बायबलच्या इंग्रजी भाषांतराच्या १८८१ च्या सुधारित नव्या करारात गमालिएलच्या तोंडी हा शब्द टिकून होता. १९४६ च्या अमेरिकन आवृत्तीत त्याच्या तोंडचा ‘हॅप्ली’ गेला.