साप ओळखणे (बाह्य लक्षणांवरून)

अपरिचित सापाची जात त्याचे खवले, डोके, डोळे, शेपटी, रंग व आकारमान पाहून ठरवण्याची पद्धत. सापांच्या सुमारे ४,००० जाती ज्ञात असून त्यांपैकी बहुतेक बिनविषारी आहेत. समोरचा प्राणी साप आहे की बिनपायांचा सरडा, हे आधी पाहावे लागते. सापाला हलणारी पापणी नसते व कानाचे छिद्रही नसते. बिनपायांच्या सरड्यांत या दोहोंपैकी एक तरी बहुधा आढळते.

रंगावरून ओळख पटते असा सर्वसाधारण समज आहे, पण रंग वयाप्रमाणे, प्रदेशाप्रमाणे आणि कात टाकण्याच्या सुमारास बदलतो. मद्यार्कात ठेवलेला हिरवा साप काही काळाने निळा दिसू लागतो, कारण त्याच्या कातडीतला पिवळा रंग विरघळून जातो. त्रिकोणी डोके व उभी बाहुली ही विषारीपणाची खूण मानणेही धोक्याचे आहे. नाग आणि मण्यार या विषारी सापांचे डोके मानेपासून फारसे वेगळे दिसत नाही व बाहुली गोल असते. उलट अजगर व मांजऱ्या यांची बाहुली उभी असते. ऑस्ट्रेलियातील बहुतेक विषारी साप नागाच्याच कुळातले असल्याने तेथे हा नियम जवळजवळ निरुपयोगी ठरतो. लाल पट्ट्याला पिवळा पट्टा भिडला तर साप विषारी, हा प्रवाळसर्पांविषयीचा ठोकताळा उत्तर अमेरिकेच्या काही भागापुरता चालतो. दक्षिण अमेरिकेत तो फसतो.

खवल्यांचा आधार. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ मध्ये सापांच्या प्रजाती (जवळच्या जातींचे गट) पाडताना पोटाखालचे पट्ट (रुंद आडवे खवले) व शेपटीखालचे खवले यांनाच प्रमाण मानले आणि प्रत्येक जातीपुढे दोन्हींची संख्या दिली. शेपटीखालचे खवले अखंड असतील तर बोआ, दोन ओळींत असतील तर कोल्युबर, अशी ती ढोबळ विभागणी होती. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ श्नायडर याने १८०१ मध्ये मण्यारीला ‘स्यूडोबोआ’ म्हणजे खोटा बोआ या प्रजातीत घातले, ते तिच्या शेपटीखालच्या अखंड पट्टांमुळेच असावे. पॅट्रिक रसेल (१७९६), फ्रँक वॉल आणि माल्कम स्मिथ (१९४३) यांच्या ग्रंथांतून ही पद्धत दक्षिण आशियातील सापांना लागू झाली. वॉल याने डोके व ओठांवरचे खवले पाहून विषारी साप वेगळे काढण्याची जी रीत दिली, ती आजही बऱ्याच अंशी वापरात आहे.

पोटाचे पट्ट मोजायचे कोठून, यावर मात्र एकमत नव्हते. जुन्या रीतीत लांबीपेक्षा रुंदी स्पष्टपणे जास्त असलेला पहिला पट्ट ‘एक’ धरीत. पण ‘स्पष्टपणे’ म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. सर्पतज्ज्ञ डाउलिंग याने १९५१ मध्ये सुचवले की, पाठीच्या खवल्यांची सर्वांत खालची ओळ ज्या पट्टाला दोन्ही बाजूंनी भिडते, तेथून मोजणी सुरू करावी. गुदपट्ट (गुदद्वारावरचा पट्ट) व शेपटीचे टोक मोजणीत धरीत नाहीत. या दोन रीतींत एकाच सापाच्या संख्येत काही पट्टांचा फरक पडतो. डाउलिंगची रीत अधिक काटेकोर असल्याने तीच ग्राह्य धरणे इष्ट. जुन्या ग्रंथांतील आकडे तिच्याशी ताडताना एवढा फरक गृहीत धरावा. मादीत पोटाचे पट्ट व नरात शेपटीखालचे खवले बहुधा अधिक असतात. शिवाय गर्भावस्थेतील तापमानानेही संख्या बदलते, असे फॉक्स याने १९४८ मध्ये गार्टर या अमेरिकी सापांवरील प्रयोगांतून दाखवले. संख्या ही पक्की खूण असली, तरी ती नेहमी एका मर्यादेतच वाचायची असते.

पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी तिरप्या मोजतात : मानेजवळ, मध्यावर व गुदद्वाराच्या थोडे अलीकडे. कण्यावर एक ओळ असल्याने संख्या सहसा विषम येते.

सारखे दिसणारे साप. मण्यार व बिनविषारी कवड्या यांची गल्लत सर्वांत जुनी. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने येतात, मानेकडे पुसट व शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेकडे ठळक असून मागे विरत जातात. पण मण्यारीच्या पिल्लात पुढचे पट्टेही ठळक असू शकतात, म्हणून निर्णय खवल्यांवर सोडावा. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते, मध्यावर खवल्यांच्या बहुधा १५ ओळी असतात आणि नाकपुडीचा खवला व डोळ्यापुढचा खवला यांमधला लोरिअल खवला नसतो. कवड्यात लोरिअल असतो, मधली ओळ मोठी नसते व शेपटीखालचे खवले जोडीने असतात. मोठी मधली ओळ मांजऱ्या व रुकासर्प यांतही आढळते, तेव्हा एकाच लक्षणावर भिस्त नको.

घोणस व डुरक्या घोणस यांच्यात नावानेच गोंधळ घातला आहे. दोघांच्या डोक्यावर बारीक खवले, दोघांची बाहुली उभी. पोट पाहिल्यास प्रश्न सुटतो : घोणशीचे पट्ट पोटाची पूर्ण रुंदी व्यापतात, डुरक्याचे अरुंद असतात. चापड्यासारख्या सापांत डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असतो. समुद्रसर्पाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. वाळ्याच्या पोटाचे व पाठीचे खवले सारखेच असतात.

मर्यादा. खवले मोजणे हे मृत वा संग्रहातील नमुन्यावर करायचे काम आहे. ताज्या मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेही प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते. जिवंत सापाच्या बाबतीत दुरून काढलेली छायाचित्रे वापरतात, त्यांत डोक्याची बाजू दिसली तर बरेच कळते. आशियातील नाग पूर्वी एकच जात मानले जात. आज त्यांच्या अनेक जाती मानतात व काही ठिकाणी जनुकीय तपासणीवाचून त्या वेगळ्या करता येत नाहीत.

कातेवरही खवले मोजता येतात, डोळ्यांवरची पारदर्शक टोपणेही तीत शाबूत असतात; मात्र कात उतरताना ताणली जात असल्याने सापाची लांबी तीवरून घेऊ नये.