लसीकरण, बालकांचे (कोल्हापूर जिल्हा)

विशिष्ट संसर्गजन्य रोग होण्यापूर्वीच बालकाच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार व्हावी, म्हणून मृत किंवा दुर्बल केलेले रोगजंतू, त्यांचे अंश अथवा त्यांचे निष्प्रभ केलेले विष ठरावीक वयात टोचून किंवा तोंडावाटे देण्याची पद्धत. मराठीत या कामाला पूर्वी ‘देवी टोचणे’ म्हणत. भारतातील पहिली देवीची लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून राबविला जातो.

जन्मल्यावर बीसीजी (क्षयरोगाविरुद्धची लस), पोलिओ आणि कावीळ ‘ब’ यांच्या लसी देतात. सहा, दहा व चौदा आठवड्यांनी दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून संरक्षण देते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस दिली जाते.

यांतील गोवराकडे सर्वांत गंभीरपणे पाहिले पाहिजे. ‘गोवर सगळ्यांनाच येऊन जातो’ अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे; प्रत्यक्षात त्यातून न्यूमोनिया, अंधत्व आणि मृत्यू ओढवू शकतो. संपर्कात आलेल्या दहा असुरक्षित व्यक्तींपैकी सुमारे नऊ जणांना तो होत असल्याने त्याचा फैलाव थांबवायला सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. धनुर्वाताचे तसे नाही. त्याचे जंतू मातीत व शेणात असतात, तो माणसाकडून माणसाला होत नाही, आणि म्हणून शेजारच्या मुलांनी लस घेतल्याचा त्याबाबतीत आपल्या मुलाला काहीच उपयोग नसतो.

कोल्हापूर शहरात सरकारी रुग्णालये व महापालिकेच्या केंद्रांत, तर गावांत उपकेंद्रे व अंगणवाड्यांत लसी विनामूल्य मिळतात. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या डोंगराळ तालुक्यांतील धनगरवाड्यांपर्यंत लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात पोहोचवावी लागते. उष्णतेने पोलिओची लस निकामी होते, तर गोठल्याने पेंटाव्हॅलंट. बर्फात ठेवलेली लस सुरक्षितच असते हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. बीसीजी व गोवर-रुबेलाची लस द्रावणात मिसळल्यापासून चार तासांच्या आत वापरावी लागते. गावात ठरलेल्या दिवशीच मुले एकत्र आणण्याचे एक कारण हेच, आणि घरोघरी फिरून ती आणण्याचा भार मुख्यतः आशा व अंगणवाडी सेविका उचलतात.

खरी अडचण लसीच्या तुटवड्यापेक्षा स्थलांतराची आहे. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. बाळाचा पहिला डोस मूळ गावी झालेला असतो, दुसऱ्याची वेळ उसाच्या फडाजवळच्या कोपीत येते आणि तिसऱ्यापर्यंत कुटुंब परतलेलेही असू शकते. वीटभट्ट्यांवरही हेच घडते. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष मोहिमेत अशा वस्त्यांवर विशेष भर देण्यात आला. खंड पडला तरी डोस पहिल्यापासून द्यावे लागत नाहीत, राहिलेल्या डोसापासून पुढे क्रम सुरू करता येतो. मात्र त्यासाठी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असणे फार उपयोगाचे असते.