लंडनचे बॉम्ब आणि २२९ रिकामे चौकोन

दुसऱ्या महायुद्धात लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविशारद खात्याने शहराचे मोठ्या मापाचे नकाशे घेतले आणि एकेक घर हाताने रंगवलं. माप १:२५००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे २५ मीटर. घर भुईसपाट झालं असेल तर काळा रंग. उभं आहे पण दुरुस्तीपलीकडे गेलंय, तर जांभळा. त्यानंतर गडद लाल, फिकट लाल, नारिंगी, आणि नुसत्या काचा-कौलं गेली असतील तर पिवळा. जर्मनांचा व्ही-१ हा उडता बॉम्ब पडला तिथे मोठं वर्तुळ, व्ही-२ रॉकेट पडलं तिथे छोटं. काही पानांवर एका वर्तुळाभोवती काळा, जांभळा, लाल असे पट्टे बाहेर पसरत जाताना दिसतात. स्फोटाचा दाब अंतराबरोबर कसा ओसरतो याची ही आकृतीच, फक्त तिच्यात माणसं राहत होती.

याला समांतर सरकारी ‘बॉम्ब-गणना’ही चालली होती. १९४० च्या सप्टेंबरात ती लंडन, बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूलपासून सुरू झाली, पुढे देशभर गेली. बॉम्ब कुठे पडला, केवढा होता, फुटला की नाही, याच्या नोंदी हवाई हल्ल्यांच्या वेळी वस्तीवर लक्ष ठेवणारे वॉर्डन आणि पोलीस वर पाठवत आणि त्या नकाशावर चढवल्या जात. या कागदांचा उपयोग अजून संपलेला नाही. लंडनमध्ये पाया खणायच्या आधी बांधकामवाले हे जुने नकाशे तपासून घेतात, कारण न फुटलेले बॉम्ब अजूनही निघतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये टेम्सकाठच्या एका गोदीत ५०० किलोचा बॉम्ब सापडला आणि शेजारचा सिटी विमानतळ बंद ठेवावा लागला.

पण नकाशा हातात आला की डोळे लगेच कामाला लागतात, आणि इथेच घोळ होतो.

१३ जून १९४४ पासून व्ही-१ येऊ लागले. हा बॉम्ब पायलटशिवाय यायचा. नाकावर एक छोटा पंखा, त्याचे ठरावीक फेरे झाले की बॉम्ब खाली झेपावायचा. इंजिनाची घरघर थांबली की आता तो कुठे पडणार, एवढाच प्रश्न उरायचा. काही वस्त्यांवर दोन-दोन, तीन-तीन पडले, शेजारच्या वस्तीला धक्काही नाही. साहजिकच लोक म्हणू लागले, हे नेम धरून चाललंय.

आर. डी. क्लार्क हे विमा कंपनीत काम करणारे गणिती. त्यांनी १९४६ मध्ये हे तपासलं. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा तुकडा घेऊन त्याचे पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले. त्यात ५३७ बॉम्ब पडले होते. आता नेम वगैरे काही नाही असं धरा. एखादा बॉम्ब अमुक एका चौकोनाला चुकवण्याची शक्यता ५७६ पैकी ५७५. ५३७ च्या ५३७ बॉम्बांनी तोच चौकोन चुकवायचा तर ही संख्या स्वतःशीच ५३७ वेळा गुणायची. उत्तर येतं साधारण ०.३९. म्हणजे निव्वळ योगायोगानेही सुमारे २२७ चौकोन कोरे राहायला हवेत.

प्रत्यक्षात कोरे राहिले २२९.

एक बॉम्ब पडलेले चौकोन हिशेबाने २११, प्रत्यक्षातही २११. दोन पडलेले हिशेबाने ९९ च्या आसपास, प्रत्यक्षात ९३. तीनचे ३१, प्रत्यक्षात ३५. चारचे ७, तेही जुळले. फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे वितरण. मूठभर मोहरी फरशीवर सांडली तर ती कधीच सारख्या अंतरावर पडत नाही, कुठे पुंजका होतो, कुठे फरशी मोकळी राहते. उलट सगळे दाणे ऐसपैस, सुटेसुटे दिसले असते तरच कुणीतरी मांडले असा संशय घ्यावा.

ही गोष्ट संख्याशास्त्राच्या वर्गात नेहमी सांगतात आणि इथेच थांबतात. मला तिचा उरलेला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. क्लार्क यांनी तुकडा मुद्दाम असा निवडला होता की ज्यात सगळीकडे बॉम्ब पडण्याची शक्यता जवळपास सारखी असेल. अख्खं लंडन घेतलं तर चित्र बदलतं. जर्मनांचा रोख मध्य लंडनवर होता, पण बॉम्ब अलीकडेच पडत होते, त्यामुळे दक्षिण आणि आग्नेयेकडच्या वस्त्या जास्त भाजल्या. गल्ली कुठली ते नशिबावर, दिशा मात्र नशिबावर नव्हती.

हे ब्रिटिश गुप्तचरांनीही हेरलं होतं. जर्मन ज्यांना आपले हेर समजत होते, ते प्रत्यक्षात ब्रिटनसाठी काम करत होते. बॉम्ब कुठे पडताहेत ते कळवा, असं जर्मनांनी त्यांना सांगितलं. शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी सुचवलं की ठिकाणं लांब गेलेल्या बॉम्बांची कळवा, वेळा मात्र अलीकडे पडलेल्यांच्या. म्हणजे जर्मनांना वाटेल नेम पुढे जातोय, आणि ते तो आणखी आखूड करतील. मध्य लंडन वाचेल. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांचा याला विरोध होता: दक्षिणेतल्या कामगार वस्त्यांवर बॉम्ब ढकलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? डाव तरीही खेळला गेला. त्याचा परिणाम किती झाला यावर इतिहासकारांत एकमत नाही. गंमत म्हणजे काही व्ही-१ मध्ये जर्मनांनी रेडिओ ट्रान्समीटर बसवले होते, आणि बॉम्ब अलीकडे पडताहेत हे त्यातून दिसतही होतं. त्यांनी ते आकडे बाजूला ठेवले आणि हेरांवर विश्वास ठेवला.